फक्त ब्राउझर

कार्यशाळेच्या दारावर सूचना चिकटवली गेली त्या सकाळी वहिनी चष्मा घरी विसरून आली होती, म्हणून नणंदेने ती तिला वाचून दाखवली. नव्या संगणकांवर बाहेरचा कोणताही प्रोग्रॅम टाकता येणार नाही. वापर फक्त ब्राउझरपुरता राहील. जुने संगणक महिनाअखेर उचलले जातील. खाली संचालकांची सही होती, आणि सहीशेजारी चष्म्याशिवायही दिसेल एवढा मोठा शिक्का होता.

"म्हणजे आजोबा गेले," नणंद म्हणाली.

"कुठे जातायत? अजून मी बसलेय की," वहिनी म्हणाली.

आजोबा म्हणजे कोणी माणूस नव्हे; आजोबा म्हणजे एक प्रोग्रॅम. ही कार्यशाळा कृत्रिम पायांची. नळी, घोटा, पंजा हे सगळं तयार मिळतं, पण उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट ज्याचं त्याचं वेगळं करावं लागतं. कुणाचं हाड टोचतं, कुणाचं मांस सैल असतं, कुणाला टाक्यांच्या रेघेवर बोटसुद्धा सोसत नाही. वहिनीने हा प्रोग्रॅम लिहिला तो मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर रिकामं घर खायला उठलं म्हणून. स्कॅनरने पायाचा आकार टिपायचा, पडद्यावर तो फिरवून बघायचा, जिथे दाबायचं तिथे दाबायचं, जिथे मोकळं सोडायचं तिथे सोडायचं, आणि मग कोरणाऱ्या यंत्राला त्याचा साचा करायला सांगायचं. प्रोग्रॅम चांगलाच जड होता. सुरू होताना संगणकाचा पंखा खाकरल्यासारखा घुरघुरे, आणि मोठा हिशेब आला की पडदा गोठून बसे. मग लोक 'आजोबांना डुलकी लागली' म्हणत चहा घ्यायला जात. पण जागे झाले की आजोबांच्या हाताला तोड नव्हती.

वहिनी खरं तर एकट्या नणंदेची वहिनी. पण नणंद मापखोलीची प्रमुख, आणि दिवसभर तिच्या तोंडी 'वहिनी, वहिनी', त्यामुळे ती सगळ्या कार्यशाळेचीच वहिनी झाली होती. इथे नोकरीला ती कधीच नव्हती. आजोबांची तब्येत बघायला यायची, जाता जाता कार्यशाळेच्या छोट्या वेबसाइटवर उघडण्याच्या वेळा बदलायची, आणि एवढ्या भांडवलावर इथल्या कपाटात तिचा स्वतःचा कप होता.

आजोबांच्या जागी जे येणार होतं त्याचं नाव 'तयार मापं'. संस्थेने कुठून तरी ते आणलं होतं. वेबपान उघडायचं, रुग्णाच्या पायाचा घेर आणि लांबी भरायची, आणि समोर येईल त्या मापांतलं जवळचं माप निवडायचं. पायमोजे निवडतो तसंच. वेळ वाचतो, असं संचालक सांगत. वाचत असेलही. बहुतेकांना ती मापं चालतही असतील, हे वहिनी नाकारत नव्हती. ज्यांना चालत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न बैठकीत नणंदेने विचारला तेव्हा संचालकांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि ते पुढच्या विषयाकडे वळले.

ज्यांना चालत नाहीत त्यांतली एक त्याच आठवड्यात मापखोलीत बसली होती. ती उंच क्रेन चालवायची. अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि उरलेला भाग भरून आला तो वाकडा आला. तयार मापांतलं सर्वात जवळचं सॉकेट तिला चाचणी म्हणून दिलं गेलं होतं. ते तिने काढून दाखवलं. पायाच्या आतल्या बाजूला कातडी पूर्ण सोलवटली होती.

"मला यात दोन पावलंही टाकता येत नाहीत, आणि चढायची आहे शिडी," क्रेनवाली म्हणाली. "कंपनीने माझी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलीय. त्यानंतर वरती दुसरं कोणीतरी बसेल. हे घाला, सवय होईल, असं सांगू नका. मी तयार मापाची नाहीये."

वहिनी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती. तिला एकदम संताप आला. आपलं काम कोणी काढून घेतंय याचा नव्हे. त्याचंही वाईट वाटलं होतंच, पण ते गिळता आलं असतं. या बाईचा पाय कसा आहे हे आजोबांना कळतं, आणि तरीही आजोबांना दाराबाहेर उभं करून तिला मोज्याचं माप देतायत, हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

घरी तिचा मुलगा होता, आणि नव्या संगणकांना कुलपं घालणारा तोच होता. संस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक विभागात तो कामाला होता. लहानपणी वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून घरी त्याला ठेंगू म्हणत. आता तो दारातून वाकून आत येई, पण नाव तेच राहिलं होतं.

"नियम मी केला नाही आई, मी फक्त लावला," चहात बिस्किट बुडवत तो म्हणाला.

"कुलूप लावणाऱ्याने असंच म्हणायचं असतं."

"तुला माहितीय का, कुठल्या कुठल्या कार्यशाळांत लोकांनी काय काय टाकून ठेवलं होतं? एका ठिकाणी कुणाच्या तरी भाच्याने टाकलेल्या खेळातून सगळीकडे व्हायरस पसरला. सगळं बंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं."

"माझा प्रोग्रॅम म्हणजे भाच्याचा खेळ?"

"तसं मी म्हणालो का?" त्याने हात टेकले. "नियम म्हणजे नियम. संगणकात काही टाकायचं नाही. फक्त ब्राउझर, आणि तोही ठरलेले पत्तेच उघडणार. तुझे आजोबा ब्राउझरमध्ये बसतील का? बसव, मग बोलू."

हे तो चेष्टेने म्हणाला होता. ठेंगूची ही खोड जुनीच. वाद हरायला लागला की समोरच्याला अशक्य काम सांगून मोकळा व्हायचा. पण आपण कुणाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. बिस्किट चहात पडलं, तो चमच्याने शोधू लागला, आणि समोर बसलेल्या त्याच्या आईने मनातल्या मनात पदर खोचला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर जेवण बंद झालं. तिथे लॅपटॉप, वायरी आणि चष्म्याचं रिकामं घर. नवरा ताट घेऊन सोफ्यावर बसू लागला. त्याने काय चाललंय म्हणून विचारलं, आणि विचारून पस्तावला, कारण तिने सगळं सांगितलं.

सांगितलं ते असं. ब्राउझरमध्ये वेबअसेंब्ली नावाची सोय असते. जुन्या प्रोग्रॅमचा कोड पुन्हा नव्याने लिहायचा नाही. एका रूपांतर करणाऱ्या साधनातून तो काढायचा, की ब्राउझरला थेट चालवता येईल असा त्याचा अवतार तयार होतो, आणि तो जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने पळतो. चित्रांचे, नकाशांचे, मोठमोठ्या यंत्रांच्या आराखड्यांचे अवजड प्रोग्रॅम लोकांनी असे ब्राउझरमध्ये आणले आहेत. काही टाकावं लागत नाही. पान उघडलं की प्रोग्रॅम सुरू.

"मग झालं तर," नवरा म्हणाला.

झालं कसलं? पहिल्या प्रयत्नात रूपांतर करणाऱ्या साधनाने एवढ्या चुका काढल्या की त्या वाचता वाचता भाजी करपली. आजोबा वाढले होते वेगळ्या जगात. त्यांना संगणक सगळा आपल्या मालकीचा वाटे. एकदा जागा धरली की माणूस काही सांगेपर्यंत ते तिथेच ठाण मांडून वाट बघत बसत. ब्राउझरमध्ये हे चालत नाही. तिथे क्षणभर काम करायचं आणि लगेच जागा सोडायची, पुन्हा बोलावलं की पुन्हा यायचं. नाहीतर पान प्रतिसाद देत नाही, बंद करू का, असं ब्राउझर विचारतो. वहिनीने आजोबांना उठायला-बसायला शिकवलं. मोठे हिशेब तिने मागच्या खोलीत पाठवावेत तसे वेगळे काढले, म्हणजे ते तिकडे चालू राहतील आणि पडदा गोठणार नाही. पडद्यावरचा पाय फिरवण्याची जुनी पद्धत ब्राउझरला कळेना, ती बदलली. कुठलंही एक घोडं सोडवलं की पुढे दुसरं अडलेलं असे. मधूनच ती लॅपटॉपला शिव्या देई, आणि नवरा टीव्हीचा आवाज वाढवी.

एका दुपारी पडद्यावर काहीच दिसेनासं झालं. सगळं ठीक, चूक एकही नाही, आणि समोर नुसता करडा चौकोन. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. आपलं वय झालं, आपण उगाच हट्टाला पेटलोय, लेक म्हणतो ते खरं असेल, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला क्रेनवालीचा सोललेला पाय आठवला, आणि वाईट वाटायचं थांबून पुन्हा राग आला. राग तिला नेहमीच मानवायचा. तिने तपासणीसाठी सर्वात जुनी, सर्वात छोटी फाइल उघडली.

करड्या चौकोनात एक पाय उभा राहिला. लहान मुलाचा, गुडघ्याखालचा, पोटरी कोवळी, घोट्यावर खरचटल्याची बारीक उंचवट्याची खूण. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा चाचणीला एक पाय हवा होता, आणि घरात हाताशी एकच पाय स्थिर उभा राहायला तयार होता, तोही लिमलेटच्या गोळीवर. फाइलचं नावही तेच होतं: ठेंगू. वहिनीने माउसने तो पाय हळूच फिरवला. तो फिरला, अजिबात न अडखळता.

त्या संध्याकाळी तिने मुलाला काही न बोलता ते पान दाखवलं. तो वाकून बघत राहिला.

"हा मी आहे?"

"खरचटलेलं बघ. जिन्यावरून पडला होतास."

"हे ब्राउझरमध्ये चाललंय?" त्याने दोन-तीन बटणं दाबून खात्री केली. कौतुक वाटलं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण तोही तिचाच मुलगा. "चांगलंय. पण आई, ब्राउझरचा टॅब म्हणजे पाटी. चुकून बंद झाला की पुसली. आत्या तासभर काम करणार, एक बटण चुकणार, आणि रुग्णाला पुन्हा मापाला बसवणार. हे कोणी मान्य करणार नाही."

वहिनीला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. म्हणून पुढचे दिवस तिने त्यावरच घातले. आता आजोबा प्रत्येक पावलागणिक केलेलं काम त्याच संगणकात, ब्राउझरने राखून दिलेल्या कप्प्यात, ठेवू लागले. शिवाय पहिल्यांदा पान उघडलं की ते आपलं सगळं सामानही त्याच कप्प्यात आणून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी इंटरनेट असो नसो, काम अडू नये. पान ठेवायची जागाही तिच्याकडे होती. कार्यशाळेची ती छोटी वेबसाइट ठरलेल्या पत्त्यांच्या यादीत पहिल्यापासूनच होती. उघडण्याच्या वेळांशेजारी तिने एक दुवा वाढवला. नियमाच्या एका अक्षराला तिने धक्का लावला नव्हता.

एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती. आजोबांमध्ये पायाभोवती सॉकेट गुंडाळायचं बटण होतं कंट्रोल आणि डब्ल्यू. नणंदेची बोटं इतकी वर्षं ते न बघता दाबत आली होती. आणि ब्राउझरमध्ये तेच बटण टॅब बंद करतं; ब्राउझर ते स्वतःकडे राखून ठेवतो, आतल्या प्रोग्रॅमला त्यात ढवळाढवळ करू देत नाही.

"म्हणून मी तुला दुसरं बटण दिलंय. शिफ्ट आणि डब्ल्यू," वहिनीने बजावलं.

"लक्षात राहील गं."

"तुझ्या डोक्याच्या राहील. तुझ्या बोटांना कोण सांगणार?"

नणंदेने मापखोलीतली प्लास्टरची पट्टी कापून जुन्या कीबोर्डवरच्या कंट्रोलच्या बटणावर चिकटवली. बोटाला खरखरीत लागलं की आठवेल. सराव केला, आठवत होतं.

संचालकांना बघायला बोलवायचं हे नणंदेनेच ठरवलं. लपवून करायला आपण काय चोरी करतोय का, असं ती म्हणाली, आणि क्रेनवालीला त्याच वेळेला मापाला बोलावलं. संचालक आले ते मुख्य कार्यालयाचा माणूस घेऊन, आणि तो माणूस म्हणजे ठेंगू. आईकडे न बघता तो भिंतीला टेकून उभा राहिला. वहिनीनेही ओळख दाखवली नाही. दोघांनाही ते जड गेलं.

नवा संगणक त्याच सकाळी टेबलावर आला होता. पातळ, काळा, कुलूपबंद. आणि त्याच्यासोबत नवा कीबोर्ड आला होता, गुळगुळीत, प्लास्टरची पट्टी नसलेला. हे तिथल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सुरुवात छान झाली. नणंदेने क्रेनवालीच्या पायावरून स्कॅनर फिरवला. स्कॅनरने आपल्या कार्डावर फाइल टिपली, कार्ड संगणकात गेलं, आणि पडद्यावर तो वाकडा पाय उभा राहिला. क्रेनवाली वाकून बघत होती. नणंदेने हाडाच्या टोकाशी मोकळीक दिली, सोलवटलेल्या जागेवरचा दाब काढून मागे पोटरीकडे नेला. तिचे हात रंगात आले. इतका वेळ ती पाहुण्यासारखी जपून बसली होती, आता आपल्या घरात बसल्यासारखी बसली. संचालकांच्याही कपाळावरची आठी सैल झाली होती. आता फक्त सॉकेट गुंडाळायचं राहिलं, आणि नणंदेच्या बोटांनी जे नेहमी करायचं तेच केलं.

टॅब बंद झाला. पडद्यावर संस्थेचं बोधचिन्ह तेवढं उरलं.

नणंदेने दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते संचालकांनी बघितलं हेच तिला जास्त लागलं.

"ताई, तुमचा दोष नाही," संचालक समजुतीने म्हणाले. "यासाठीच आपण हे सगळं बंद करतोय. घरगुती प्रयोगांवर रुग्णांचे पाय कसे सोपवायचे?"

"पान पुन्हा उघड," वहिनी नणंदेला म्हणाली.

"अगं पण..."

"उघड म्हणते ना."

नणंदेने दुवा दाबला. आजोबा आले. आणि त्यांच्या मागोमाग तो वाकडा पाय आला, हाडाशी दिलेल्या मोकळिकीसकट, पोटरीवर नेलेल्या दाबासकट, जिथे हात थांबला होता तिथेच. क्रेनवाली खळखळून हसली. वहिनीचा जीव भांड्यात पडला, पण तो फार वेळ तिथे राहिला नाही.

कारण संचालकही हसत होते.

"हे परत कुठून आलं, मॅडम?" त्यांनी वहिनीला विचारलं. "आत्ता तर बंद झालं होतं. परत आलं, म्हणजे कुठेतरी साठवलेलं होतं. या संगणकात तुम्ही काही टाकलेलं नाही, हे तुम्हीच सांगता. मग ते बाहेर साठवलेलं असणार. रुग्णाचं माप या इमारतीबाहेर गेलं. हा साधा नियमभंग नाही, यावर मला कारवाई करावी लागेल. तुमच्यावर तर करता येत नाही, तुम्ही नोकरीत नाही. ताईंवर करावी लागेल."

वहिनीने तोंड उघडलं आणि ती सगळं एकदम सांगायला गेली. कप्पा, ब्राउझर, सामान, रूपांतर. शब्दांत शब्द अडकले. काही बाहेर जात नाही, सगळं इथेच चालतं, तुमचा हा पातळ संगणकच सगळा हिशेब करतोय, असं ती म्हणत होती, आणि संचालक मान हलवत होते. खरं बोलूनही खोटं पडायची वेळ आली की माणसाचा जसा तिळपापड होतो तसा तिचा झाला. आपल्या हट्टापायी नणंदेची नोकरी जाणार हे तिला दिसू लागलं. तरी ती बोलायची थांबली नाही.

तेवढ्यात भिंतीजवळ हालचाल झाली. ठेंगू वाकला, टेबलाखाली शिरला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात निळी केबल होती.

"साहेब, हा संगणक आता कशालाच जोडलेला नाही," तो म्हणाला. "दुसरी वाट मीच बंद केलीय, वायफाय याला दिलेलंच नाही." मग तो नणंदेकडे वळला. "आत्या, आता कंट्रोल आणि डब्ल्यू दाब. मुद्दाम दाब."

"आत्या?" संचालक म्हणाले.

"हो. आणि त्या माझ्या आई. हे आधी सांगायला हवं होतं, आता सांगतो."

नणंदेने दाबलं. टॅब बंद झाला. तिने दुवा दाबला. आजोबा आले, पाय आला, सगळं जागच्या जागी आलं. केबल ठेंगूच्या हातात लोंबत होती.

"बाहेर साठवलेलं असतं तर केबलशिवाय परत कसं आलं असतं?" तो शांतपणे म्हणाला. "उलट तयार मापांच्या पानावर आपण घेर आणि लांबी भरतो, ती मात्र बाहेर जाते. ते आता केबलशिवाय उघडून बघा. उघडणार नाही."

संचालकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. माणूस वाईट नव्हता, पण आपण केलेल्या नियमाने आपलाच पाय अडकतो हे त्याला आवडलं नाही, आणि ते कुणालाच आवडत नाही. "ते मी तपासून घेईन," ते म्हणाले. "तोवर याला परवानगी नाही."

"नाकारलेलीही नाही," नणंद म्हणाली. तिने डोळे पुसले होते. "दारावरच्या सूचनेत लिहिलंय फक्त ब्राउझर. हे ब्राउझरच आहे." तिने शिफ्ट आणि डब्ल्यू दाबलं. वाकड्या पायाभोवती सॉकेट गुंडाळलं गेलं, पडदा क्षणभरही न गोठता. तिने फाइल कार्डावर उतरवली, कार्ड काढून कोरणाऱ्या यंत्रात घातलं, आणि यंत्राचं झाकण लावलं. आतून घरघर सुरू झाली.

संचालकांनी फोन काढला. मुख्य कार्यालयाला त्यांनी सांगितलं की या कार्यशाळेचा संगणक तिथूनच बंद करा. पलीकडून काहीतरी उत्तर आलं, आणि त्यांनी ठेंगूकडे बघितलं. "ते म्हणतायत, संगणक दिसत नाही."

"केबल काढलीय ना, साहेब."

"मग लाव."

ठेंगूने हातातल्या केबलकडे बघितलं. तिची नीट घडी घातली आणि ती खिशात ठेवली. "साचा कोरून झाला की लावतो."

"याचा अर्थ कळतोय ना तुला?"

"कळतोय."

वहिनीलाही कळत होता. तिला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्यासाठी भीतीही वाटली, आणि यातलं काय जास्त हे तिला सांगता आलं नसतं. संचालक दाराकडे निघाले तेव्हा क्रेनवाली कुबडी घेऊन उठली आणि तिने पिशवीतून ते तयार मापाचं सॉकेट काढून त्यांच्यासमोर धरलं.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्या पायाला शिकवून बघितलं. त्याला जमत नाही."

त्यांनी ते घेतलं, कारण समोर धरलेली वस्तू माणूस घेतोच, आणि ते हातात धरून त्यांना अख्ख्या कार्यशाळेतून चालत जावं लागलं.

यंत्राची घरघर चालू होती. वहिनीने कपाटातून आपला कप काढला, पण त्यात चहा ओतायचं तिला सुचलं नाही.

"तुला कसं माहीत होतं?" तिने मुलाला विचारलं. "केबलशिवाय चालेल म्हणून?"

"तुझा कोड वाचला. तू भाजी आणायला जायचीस तेव्हा." तो जरा ओशाळला. "चुका काढायला बसलो होतो. ते कंट्रोल-डब्ल्यूचं सोडलं तर फार सापडल्या नाहीत."

"ती माझी चूक नाही, ब्राउझरची आहे."

"हो, आई."

यंत्र थांबलं. नणंदेने झाकण उघडून साचा बाहेर काढला, कोमट, पांढरा, अजून भुसा लागलेला. तिने तो क्रेनवालीच्या हातात दिला. क्रेनवालीने डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला, वरून खाली, आणि जिथे तिचा पाय वाकतो तिथे साचाही वाकला होता, तिथे तिचा हात थांबला. "ही मीच," ती म्हणाली. यावरून सॉकेट ओतायचं नणंदेच्या हातातलं काम होतं, त्याला कुठलाच संगणक लागत नव्हता.

ठेंगूने खिशातून केबल काढली. टेबलापाशी गुडघ्यांवर बसून त्याने वर, आईकडे बघितलं.

"आता लावू?"

वहिनीने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"लाव," ती म्हणाली. "येऊ देत त्यांना."